गावभागातल्या बाईंचा नाट्यसंगीताचा क्लास : फी, वेळ आणि फुटलेला आवाज

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहिते, त्यामुळे आधी पैशाचं सांगून टाकते. महिन्याला 800 रुपये. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी, साडेसहा ते आठ असं सांगतात, प्रत्यक्षात नऊ वाजतात. रविवारी तबलजी येतात, त्यांचे 200 वेगळे. नोव्हेंबरात प्रयोग असतो, तेव्हा ड्रेपरीवाल्याचं भाडं आणि रंगभूषेचा खर्च पालकांत वाटून घेतात. गेल्या खेपेला माणशी साडेसातशेच्या आसपास गेला. पावती मिळत नाही, बाईंच्या वहीत नाव आणि तारीख पडते. ती वही मी पाहिली आहे. एक खाडाखोड नाही. आमच्या धंद्यात असली वही बघायला मिळत नाही.

क्लासला नाव नाही आणि दारावर पाटीही नाही. गावभागात रिक्षावाल्याला ‘गाण्याच्या बाई’ एवढं सांगितलं की तो बरोबर बोळाच्या तोंडाशी सोडतो, कारण आत रिक्षा जात नाही. जुना वाडा आहे. 2019 च्या महापुराची रेघ जिन्याच्या भिंतीवर अजून दिसते. तेव्हापासून क्लास माडीवर गेला. बाईंची पायपेटी, म्हणजे पायानं भाता हलवायची पेटी, त्या पुरात भिजली होती. भाता फाटला, सूर गंजले, घरच्यांनी भंगारात काढायचं ठरवलं होतं. बाईंनी ती टेम्पोत घालून मिरजेला नेली आणि दुरुस्त करून आणली. आता खालच्या सप्तकातला एक सूर जरा घोगरा वाजतो. मुलांनी त्याला ‘पूर’ असं नाव ठेवलंय.

आमचा पोरगा आठवीत आहे. पाचवीत असताना शाळेच्या स्पर्धेत त्यानं एक नाट्यपद म्हटलं, नंबर आला, आणि आम्ही त्याला एका मोठ्या, एसीवाल्या क्लासात घातला. तिथलं फार लिहीत नाही. दर तीन महिन्यांनी सर्टिफिकेट, दर सर्टिफिकेटला फोटो, आणि प्रत्येक पोराला ‘सुपर, सुपर’. मुलगा खूश होता. फक्त वर्ष संपलं तरी तो तेच एक पद म्हणत होता, त्याच जागा, तशाच. मागे वाजायला मोबाईलवरचा ट्रॅक. ट्रॅक बंद पडला की पोरगाही बंद.

बाईंच्या तोंडून ‘सुपर’ काय, ‘वा’सुद्धा सहसा निघत नाही. पहिले काही आठवडे मला वाटलं, ही बाई पोराला कोमेजून टाकणार. मी जिन्यात बसून ऐकायची. पोरगा गायचा, गाणं संपायचं, आणि वरून आवाज यायचा, ‘दुसऱ्या ओळीत श्वास घेतलेला कळला नाही मला. असाच घ्यायचा. आता हेच चालत चालत म्हण.’ मग पोरगा चालत म्हणायचा आणि श्वास पार कोसळायचा. ‘ठीक. चालताना पाय कुठे पडतोय ते बघतोयस, म्हणून. समोर बघ. परत.’ हे ‘परत’ दिवसातून कितीदा ऐकू येतं त्याला गणती नाही. पण मुलगा घरी आला की सांगायचा, ‘आई, आज बाई म्हणाल्या दुसरी ओळ जमली.’ अख्ख्या पदातली एक ओळ जमली, आणि कुठली जमली हे त्याला पक्कं ठाऊक. एसीतल्या वर्षभराच्या ‘सुपर’मधून त्याला एवढी माहिती मिळाली नव्हती.

बाई तरुणपणी दौऱ्यावर ‘संगीत सौभद्र’ नाटकात सुभद्रा करायच्या. त्यामुळे त्या गाणं वेगळं आणि नाटक वेगळं असं शिकवतच नाहीत. एक उदाहरण देते, म्हणजे बाकीच्या क्लासांपेक्षा इथे काय निराळं आहे ते ध्यानात येईल. संगीत नाटकात बोलता बोलता पद सुरू होतं. बहुतेक मुलं बोलणं संपवतात, थांबतात, खाकरतात, पेटीवाल्याकडे बघतात आणि मग गायला लागतात. बाईंच्या मते त्या खाकरण्यातच नाटक मेलेलं असतं. पदाच्या आधीचं शेवटचं वाक्य बोलतानाच आवाज पदाच्या षड्जाजवळ, म्हणजे ‘सा’जवळ, आणून ठेवायचा. त्या वाक्याखाली पायपेटी हळूच तो सूर धरते. ऐकणाऱ्याला कळू नये की बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं. ऐकायला सोपं वाटतं. एकाच वाक्यावर एक अख्खी संध्याकाळ गेलेली मी पाहिली आहे. मुलं वाक्य बोलतायत, बाई पेटीवर सूर धरून मान हलवतायत, ‘वर गेलास’, ‘खाली राहिलास’, ‘आता गायलासच की, बोल ना’. त्या संध्याकाळी एक मुलगी रडली. बाईंनी तिला पाणी दिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. आठच्या सुमाराला ते तिला जमलं. बाई म्हणाल्या, ‘हं. आता ते तुझं झालं. उद्या विसरलीस तरी परत सापडेल.’

माईकचंही तसंच. तालमीला माईक नाही. शेवटच्या रांगेत म्हणून गच्चीच्या दारात एक पोर उभं करतात. त्याला शब्द कळला नाही की ते हात वर करतं. ओरडून चालत नाही, कारण ओरडलं की सूर जातो आणि बाईंचा हात वर जातो. मधला रस्ता ज्याचा त्यानं शोधायचा.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी बाईंनी संगीत सौभद्राची मुलांपुरती कापलेली संहिता बसवायला घेतली आणि आमच्या पोराला नारद दिला. घरात नुसता दंगा. चिपळ्या आल्या, लाकडी वीणा आली, आरशासमोर चालणं सुरू झालं. नारदाचं प्रवेशाचं पद त्यानं इतकं घोटलं की शेजारच्या काकूंना पाठ झालं. आणि श्रावणात एका तालमीला, वरच्या सुरावर जाताना त्याचा आवाज फुटला. म्हणजे अक्षरशः दोन आवाज निघाले, एक त्याचा आणि एक कुणा परक्याचा. सुभद्रेच्या मैत्रिणी झालेल्या मुली फिसकन हसल्या. पोरानं वीणा भिंतीला टेकवली आणि खाली जिन्यात येऊन माझ्याशेजारी बसला. काही बोलला नाही.

बाई त्याच्यामागे आल्या नाहीत. मला तेव्हा त्याचा रागच आला होता. वरून त्यांचा आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत होता, आणि आता वाटतं, तो जिन्यापर्यंत यावा म्हणूनच तसा लावलेला होता. त्या सगळ्या मुलांना सांगत होत्या की मुलग्यांचं स्वरयंत्र या वयात मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण सप्तकभर खाली उतरतो. गळ्याला नव्या मापाची सवय होईपर्यंत तो असाच घसरतो. कुणाचा काही महिन्यांत बसतो, कुणाला जास्त वेळ लागतो. ‘आणि हसणाऱ्या बायांनो, तुमचाही बदलतो. थोडा बदलतो, म्हणून कुणाला कळत नाही एवढंच.’ मग एका बारक्या पोराला खाली पाठवलं. त्यानं येऊन निरोप दिला, ‘बाई म्हणाल्या, बलराम करायला कुणी नाहीये. ऐकून तरी जा.’

बलराम म्हणजे सुभद्रेचा थोरला भाऊ. तिचं लग्न दुर्योधनाशी लावायचं म्हणून हटून बसलेला, तापट माणूस. बाईंच्या कापलेल्या संहितेत त्याला एकही पद नाही, सगळं गद्य. पोराला हे कळलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. घरी येऊन म्हणाला, ‘मला गाण्यातून काढलं.’ दोन-चार दिवस जेवणाच्या पानावरही कुणाशी बोलला नाही. त्याच्या बाबांनी ‘मग सोडून दे’ असं सहज सुचवून बघितलं, तर त्यांच्यावरच ओरडला, आणि ओरडताना परत आवाज फुटला.

बाई प्रत्येक मुलाच्या वहीत आठवड्याला एक ओळ लिहितात. त्या आठवड्याची ओळ अशी होती : ‘आवाज बिघडलेला नाही, बदलतो आहे. वरच्या षड्जाकडे जायचं नाही. गद्य उत्तम, वर्गात सगळ्यांत चांगलं.’ शेवटचे तीन शब्द त्यानं आधी आजीला दाखवले, मग मामेभावांना, मग मला, जणू मी वाचलेच नव्हते.

त्यानंतर बाईंनी जे केलं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहिते आहे. गाणं त्यांनी बंद केलं नाही. त्याची पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला ‘सा’ धरून गायचं ती, काळी चारवरून खाली आणली. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून) मधल्या पंचमापर्यंत एवढ्याच जागेत रोज दहा मिनिटं नुसता ‘आ’कार लावायचा, जोर नाही, ताना नाहीत. घसा दुखला तर त्या दिवशी रजा. नारद एका सहावीतल्या मुलीकडे गेला आणि तिला नारद शिकवायचं काम आमच्या पोराला लावलं : चाल, वीणा कशी धरायची, चिपळी कुठल्या मात्रेवर. मला वाटलं, हे जखमेवर मीठ आहे. झालं उलटंच. आपण नारद नेमका कसा करत होतो हे त्याला तिला समजावून देताना पहिल्यांदा कळलं. ‘आई, मी नुसता करायचो. मला माहीतच नव्हतं मी काय करतोय,’ हे त्याचे शब्द. वर पायपेटीवर दुसऱ्यांच्या गद्याखाली सूर धरायलाही त्यालाच बसवायला लागल्या. गळ्याला सुट्टी, कानाला नाही.

मध्यंतरी चहाच्या वेळी बाई मुलांना बालगंधर्वांचं सांगत होत्या. नागठाणं आपल्याच जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, त्यामुळे ते नाव इथल्या मुलांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. लहानग्या नारायण राजहंसाचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ म्हटलं, हेही सगळ्यांना पाठ. बाई म्हणाल्या, शाबासकी मोठी खरी, पण शाबासकीवर कुणी नट होत नाही. त्या मुलाला कमी ऐकू यायचं. शाहू महाराजांनी मिरजेला डॉ. वानलेसांकडे त्याच्या कानावर उपचार करवले, आणि पुढे 1905 मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला. तिथे हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल तालीम घ्यायचे. शब्द कसा टाकायचा, कुठे थांबायचं, हे त्यांनी घोटून घेतलं. गाण्याची तालीम गवई भास्करबुवा बखल्यांची. ‘तेव्हा एकानं नाव दिलं, एकानं कान दिले, एकानं जीभ दिली, एकानं गळा दिला,’ बाई म्हणाल्या, ‘आणि उभं राहिला तो स्वतः.’ मी नाट्यशास्त्रातली जाणकार नाही, पण पोराला पाठीवर थाप आणि कानाचा डॉक्टर यांतला फरक समजावून सांगायचा इतका सरळ रस्ता मला तरी सुचला नसता.

(सांगलीत असल्या गोष्टींना तोटा नाही म्हणा. विष्णुदास भाव्यांना नाटक करायला सांगणारे इथले संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’, मराठीतलं पहिलं मानतात ते नाटक, झालं ते त्यांच्या आश्रयानं. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आपण त्यावरूनच पाळतो, आणि बाईंचा वार्षिक प्रयोगही त्याच आठवड्यात असतो.)

प्रयोग एका देवळाच्या सभामंडपात झाला. माईक दोनच, तेही पुढे टांगलेले. नांदीला सगळी मुलं रांगेत, सगळ्यांत मागे आमचा बलराम, नुसते ओठ हलवत. नांदीत मंद्राच्या चार सुरांपुरतं गायची परवानगी होती, पण भीतीनं तेवढंही गायला नाही. मग त्याचा प्रवेश आला. कृष्णावर चिडून बोलायचं एक लांब वाक्य होतं, आणि त्याच्या टोकाला, जिथे आवाज चढतो तिथेच, फुटला. मंडपात हशा. मी डोळे मिटून घेतले. पोरगा थांबला नाही. तो अजून चिडला, पुढचं वाक्य मुद्दाम त्याच जागी नेऊन फोडलं, आणि या वेळच्या हशात टाळ्या होत्या. नंतर कळलं, बाईंनी तालमीतच सांगून ठेवलेलं : ‘फाटला तर फाटू दे. बलराम चिडलाय, चिडलेल्या माणसाचा आवाज फाटतोच. लपवायला गेलास तर लोक तुला हसतील, वापरलास तर बलरामाला हसतील.’

विंगेतून आल्यावर बाई त्याला काय म्हणाल्या असतील? ‘दुसऱ्यांदा केलंस ते चांगलं. तिसऱ्यांदा केलं नाहीस ते जास्त चांगलं.’

आता आवाज हळूहळू बसतोय. बहुतेक काळी एकला स्थिर होईल असं बाई म्हणतात. ताना अजून बंदच आहेत. एक फरक मला रोज दिसतो तो सांगते. पूर्वी दुकानात आला की माझ्या खुर्चीमागे उभा राहून पुटपुटायचा. हल्ली हमालांना हाक मारतो ती चौथ्या गाळ्यापर्यंत जाते, आणि मामा लोक ‘आलं बलराम’ म्हणून हसतात.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. वेळेचं गणित नाही. परीक्षेच्या दिवसांत नऊ-सव्वानऊपर्यंत मुलं अडकतात आणि बाईंना फोन केला तर त्या उचलत नाहीत, कारण तालमीत फोन कपाटात असतो. सगळ्यांचे, त्यांचाही. रेकॉर्डिंगला सक्त बंदी. आजीला गावी ऐकवायला एक क्लिप हवी होती, मिळाली नाही. जिना अरुंद आणि खडा आहे, गुडघेदुखीच्या आजी-आजोबांनी खालीच बसावं. बाईंना साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या अलीकडचं फारसं रुचत नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकापर्यंत त्या येतात, त्यानंतरचं काही सुचवलं की ‘बघू’ म्हणतात, आणि ते ‘बघू’ म्हणजे नाही. माझ्या मते हे मुलांवर अन्यायाचं आहे, मी त्यांना तसं तोंडावर सांगितलंय. त्या ‘बघू’ म्हणाल्या. तबलजी फक्त रविवारी येतात, त्यामुळे आठवडाभर मुलं हातावर ताल धरतात आणि रविवारी सुरुवातीला सगळ्यांची लय पळते. शिवाय कुणाकुणाला बाईंचं बोलणं लागतं. त्या खोटं कौतुक करत नाहीत, तसं खरं कौतुकही मागितल्याशिवाय देत नाहीत. हळव्या मुलाच्या पालकांनी पहिला महिना जिन्यात बसून काढावा, मग ठरवावं.

टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमांची तयारी करून घ्यायची असेल तर इथे येऊ नका. बाई घेत नाहीत, विचारलं की सरळ नाही म्हणतात. संगीत नाटकावर पोट भरेल का, असं विचारणाऱ्या पालकांनाही त्या ‘नाही भरणार’ असंच सांगतात. त्यांचे जुने विद्यार्थी राज्य नाट्य स्पर्धेच्या संगीत विभागात उतरतात, काही जण नोकरी सांभाळून दौरे करतात, एक जण बँकेत आहे आणि दर रविवारी तबला वाजवायला येतो. होय, तोच.

पाचपैकी साडेचार. अर्धा वेळेसाठी कापला आहे.

नवीन मुलं दसऱ्यानंतर घेतात, प्रयोगाची गडबड असली तरी. वय साधारण आठच्या पुढे. पहिल्या दिवशी गायला लावत नाहीत, त्यामुळे पोराला एखादं पद पाठ करून पाठवू नका, वाया जाईल. मोठ्यानं काहीतरी वाचायला लावतात आणि तोंडाकडे न बघता, खिडकीतून बाहेर बघत ऐकतात. सोबत कोरी वही, पाण्याची बाटली आणि वाचायला आजचं वर्तमानपत्र न्यावं, अग्रलेखाचं पान असलेलं. खेळाचं पान नेलेल्या एका मुलाला परत पाठवलेलं मी पाहिलंय. गाडी देवळाजवळ लावावी, बोळात लावली तर शेजारचे आजोबा हवा सोडतात.